कॉन्फिगरेशन फायलींमधील एकओळी बदलांचे स्वयंचलन

कॉन्फिगरेशन फायलींमधील एकओळी बदलांचे स्वयंचलन ही सर्व्हर व्यवस्थापनातील एक कार्यपद्धती आहे. सर्व्हरवरील एखाद्या मजकुरी फाइलमध्ये एखादी ठरावीक ओळ असावी, नसावी किंवा विशिष्ट रूपातच असावी, हे प्रत्येक सर्व्हरवर जाऊन हाताने करण्याऐवजी आज्ञावलीकडून किंवा त्यासाठी बनवलेल्या साधनाकडून करून घेणे, असे तिचे स्वरूप आहे. सेड हा प्रवाह-संपादक, अ‍ॅन्सिबलमधील लाइनइनफाइल हे मोड्यूल, पपेटमधील फाइल_लाइन, सॉल्टमधील फाइल.रिप्लेस आणि ऑगियस ही या कामासाठी वापरली जाणारी प्रमुख साधने आहेत.

एक ओळ बदलणे हे वरकरणी किरकोळ काम असले, तरी तेच काम शेकडो सर्व्हरांवर आणि पुन्हापुन्हा करायचे असते तेव्हा दोन प्रश्न निर्माण होतात. तीच आज्ञा दुसऱ्यांदा चालवली तर फाइलची स्थिती काय होते, हा पहिला प्रश्न होय. बदललेली ओळ संबंधित प्रोग्राम खरोखर विचारात घेतो का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर साधनावर अवलंबून असते, तर दुसऱ्याचे त्या फाइलच्या वाचननियमांवर. दुसऱ्याकडे दुर्लक्ष झाल्यास फाइल बदललेली दिसते, साधनही यश कळवते, पण सर्व्हरचे वर्तन मात्र पूर्वीसारखेच राहते.

पार्श्वभूमी

युनिक्स आणि तिच्या परंपरेतील लिनक्स, फ्रीबीएसडी इत्यादी कार्यप्रणालींमध्ये बहुतेक सेवांची मांडणी साध्या मजकुरी फायलींत ठेवली जाते. या फायली प्रामुख्याने ‘ईटीसी’ या डिरेक्टरीत असतात. त्यांपैकी अनेकींचा घटक ‘ओळ’ हा असतो. ‘पासवर्ड’ फाइलमध्ये प्रत्येक वापरकर्त्यासाठी एक ओळ, ‘होस्ट्स’ फाइलमध्ये प्रत्येक आयपी पत्त्यासाठी एक ओळ, तर ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये प्रत्येक फाइल प्रणालीसाठी एक ओळ असते. त्यामुळे व्यवस्थापनातील पुष्कळसे निर्णय शेवटी एका ओळीत उतरतात. मुख्य प्रशासकाला दुरून थेट प्रवेश द्यावा की नाही, सर्व्हरने कोणत्या पोर्टवर ऐकावे, नोंदी किती दिवस ठेवाव्यात, ही त्याची उदाहरणे होत.

मात्र या फायलींचे व्याकरण एकसारखे नाही. कोठे नाव आणि मूल्य यांमध्ये बरोबरीचे चिन्ह असते, कोठे मोकळी जागा, तर कोठे अपूर्णविराम. काही फायलींत ओळींचा क्रम महत्त्वाचा असतो, काहींत नसतो. काही फायली विभागांत किंवा महिरपी कंसांत विभागलेल्या असतात. ओळ शोधून बदलणारे साधन सामान्यतः हे व्याकरण जाणत नाही. त्याच्या दृष्टीने फाइल म्हणजे केवळ ओळींची यादी असते.

इतिहास

ओळ हाच संपादनाचा घटक मानण्याची परंपरा युनिक्सच्या प्रारंभापासून आहे. केन थॉम्पसन यांनी इ.स. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेला ‘एड’ हा संपादक ओळीनिहाय काम करणारा होता आणि त्यात रेग्युलर एक्सप्रेशनच्या, म्हणजे मजकुराचा नमुना सांगणाऱ्या संकेतांच्या, साहाय्याने ओळी शोधता येत. दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या सर्व ओळी छापण्याच्या एडमधील आज्ञेवरूनच ‘ग्रेप’ या प्रोग्रामचे नाव पडले.

ली मॅकमेहन यांनी इ.स. १९७३-७४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत ‘सेड’ विकसित केला. आज्ञा आधीच लिहून द्यायच्या आणि मजकूर त्यांतून प्रवाहासारखा जाऊ द्यायचा, ही त्याची रीत होती. संपादनासाठी माणसाने समोर बसण्याची गरज त्यामुळे उरली नाही. इ.स. १९७९ मधील युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत सेडचा समावेश होता. लॅरी वॉल यांनी इ.स. १९८५ मध्ये ‘पॅच’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. दोन आवृत्त्यांमधील फरक आजूबाजूच्या ओळींच्या संदर्भासह लागू करणे त्यामुळे शक्य झाले. वॉल यांच्याच पर्ल या भाषेत (इ.स. १९८७) फाइल जागच्या जागी बदलण्याचा पर्याय होता, पुढे तो जीएनयू सेडमध्येही आला.

मार्क बर्गेस यांनी इ.स. १९९३ मध्ये ऑस्लो येथे सुरू केलेल्या सीएफइंजिन या प्रकल्पाने या विषयाची दिशा बदलली. ‘काय करायचे’ याऐवजी ‘शेवटी काय असायला हवे’ हे लिहावे, आणि प्रणाली कोणत्याही अवस्थेत असली तरी साधनाने तिला त्या अपेक्षित अवस्थेकडे न्यावे, ही कल्पना त्यामागे होती. बर्गेस यांनी तिला ‘कन्व्हर्जन्स’ अर्थात अभिसरण म्हटले. सीएफइंजिनच्या दुसऱ्या आवृत्तीतील फाइल-संपादनाच्या एका आज्ञेचे नावच ‘अशी ओळ नसल्यास जोडा’ या अर्थाचे होते. पुढील बहुतेक साधनांनी हीच कल्पना स्वीकारली. ल्यूक केनीज यांचे पपेट इ.स. २००५ मध्ये, थॉमस हॅच यांचे सॉल्ट इ.स. २०११ मध्ये आणि मायकेल डीहान यांचे अ‍ॅन्सिबल इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. रेड हॅट या कंपनीने इ.स. २०१५ मध्ये अ‍ॅन्सिबल विकत घेतले.

आज्ञा आणि अपेक्षित स्थिती

कितीही वेळा केली तरी पहिल्या वेळेनंतर परिणाम न बदलणाऱ्या क्रियेला आयडेम्पोटंट म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन गणितज्ञ बेंजामिन पियर्स यांनी इ.स. १८७० मध्ये बीजगणितात वापरली. सर्व्हर व्यवस्थापनात तिला व्यावहारिक महत्त्व आहे, कारण स्वयंचलित काम मध्येच तुटते, पुन्हा सुरू केले जाते किंवा वेळापत्रकानुसार दर अर्ध्या तासाने चालते.

शेलमधील ‘>>’ हे चिन्ह फाइलच्या शेवटी मजकूर जोडते. त्याद्वारे ओळ जोडणारी आज्ञा दहा वेळा चालली तर फाइलमध्ये ती ओळ दहा वेळा येते. यावरचा जुना उपाय म्हणजे आधी ग्रेपने ओळ शोधणे आणि ती न सापडल्यासच जोडणे. या उपायाने पुनरावृत्ती टळते, पण त्याच निर्देशाची वेगळे मूल्य असलेली जुनी ओळ तशीच राहते. उलट सेडची ‘जुने शोधून नवे ठेवा’ ही आज्ञा जुनी ओळ बदलते, परंतु तशी ओळ मुळातच नसेल तर काहीही करत नाही; शिवाय काही जुळले नाही म्हणून ती त्रुटीही कळवत नाही. पूर्ण उपायात तिन्ही शक्यता हाताळाव्या लागतात: ओळ योग्य रूपात आहे, चुकीच्या रूपात आहे, किंवा नाहीच. लाइनइनफाइल आणि फाइल_लाइन यांसारख्या साधनांचा मूळ उद्देश या तीन शक्यता एकाच घोषणेत सामावणे हा आहे.

कार्यपद्धती

अशा साधनाचे काम साधारणपणे पुढील टप्प्यांत चालते.

१. फाइल वाचून तिच्या ओळी वेगळ्या केल्या जातात.
२. दिलेला नमुना प्रत्येक ओळीशी ताडून पाहिला जातो.
३. जुळलेली ओळ अपेक्षित ओळीहून वेगळी असल्यास बदलली जाते. काहीच न जुळल्यास नवी ओळ फाइलच्या शेवटी किंवा सांगितलेल्या ओळीच्या आधी अथवा नंतर घातली जाते.
४. बदल आवश्यक नसल्यास फाइलला हात लावला जात नाही आणि ‘बदल नाही’ असे कळवले जाते.
५. बदल झाल्यास नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहून, सांगितले असल्यास तिची तपासणी करून, ती मूळ फाइलच्या जागी ठेवली जाते.

पाचव्या टप्प्याचे कारण असे की, मूळ फाइलवरच लिहीत असताना यंत्र बंद पडले तर फाइल अर्धवट राहू शकते. एकाच फाइल प्रणालीतील नामांतर मात्र अविभाज्य असते. वाचणाऱ्या प्रोग्रामला जुनी पूर्ण फाइल किंवा नवी पूर्ण फाइल यांपैकी एकच दिसते. या पद्धतीचा एक दुष्परिणामही आहे. मूळ नाव हे दुसऱ्या फाइलकडे निर्देश करणारा सांकेतिक दुवा असल्यास जीएनयू सेड त्या दुव्याच्या जागी साधी फाइल ठेवतो आणि दुव्यामागची खरी फाइल न बदलता राहते. दुव्याचा मागोवा घेण्यासाठी सेडला वेगळा पर्याय द्यावा लागतो.

चौथ्या टप्प्यातील ‘बदल झाला की नाही’ ही माहितीही उपयोगी असते. अ‍ॅन्सिबलमधील हँडलर तिच्याच आधारे चालतात: ओळ खरोखर बदलली असेल तरच सेवा पुन्हा सुरू केली जाते.

साधनांमधील फरक

एकाच नमुन्याशी फाइलमधील अनेक ओळी जुळल्या, तर प्रत्येक साधन वेगळे वागते.

• सेड जुळलेल्या सर्व ओळी बदलतो.
• अ‍ॅन्सिबलचे लाइनइनफाइल जुळलेल्यांपैकी केवळ शेवटची ओळ बदलते. ओळ ‘नसावी’ असे सांगितल्यास मात्र ते जुळलेल्या सर्व ओळी काढून टाकते.
• पपेटचे फाइल_लाइन एकाहून अधिक ओळी जुळल्यास त्रुटी देऊन थांबते. सर्व ओळी बदलण्याची परवानगी स्वतंत्रपणे द्यावी लागते.
• सॉल्टचे फाइल.रिप्लेस मर्यादा न सांगितल्यास सर्व जुळण्या बदलते. न जुळल्यास ओळ जोडावी, हे त्याला वेगळे सांगावे लागते.

एकाच नावाच्या साधनाच्या आवृत्त्यांमध्येही भेद आढळतात. जागच्या जागी बदल करण्यासाठी जीएनयू सेडला ‘-आय’ हा पर्याय पुरतो. फ्रीबीएसडी आणि मॅकओएस यांमधील सेड त्या पर्यायानंतर बॅकअप फाइलच्या प्रत्ययाची अपेक्षा करतो, त्यामुळे लिनक्सवर चालणारी आज्ञा तेथे संपादनाचा आदेशच प्रत्यय समजून बसते.

ऑगियस हे साधन वेगळ्या मार्गाने जाते. डेव्हिड लुटरकोर्ट यांनी सुरू केलेल्या या प्रकल्पात प्रत्येक प्रकारच्या फाइलसाठी ‘लेन्स’ नावाचे वर्णन असते. त्यानुसार फाइलचे वृक्षरूप तयार होते, बदल वृक्षात केला जातो आणि टिप्पण्या व मोकळ्या जागा जपून तो पुन्हा मजकुरात उतरवला जातो. फाइलचे व्याकरण ऑगियसला ठाऊक असल्याने चुकीच्या ठिकाणी ओळ घुसण्याची शक्यता कमी होते; मात्र ज्या फाइलसाठी लेन्स उपलब्ध नाही, तेथे ते निरुपयोगी ठरते.

उदाहरण: एसएसएच सर्व्हर

दूरस्थ प्रवेशासाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएच सर्व्हरच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग’ या फाइलमधील ‘परमिटरूटलॉगिन’ हा निर्देश या विषयातील नेहमीचे उदाहरण आहे. मुख्य प्रशासकाचा थेट प्रवेश बंद करण्यासाठी त्याचे मूल्य ‘नो’ असे ठेवतात. मूळ फाइलमध्ये ही ओळ बहुधा ‘#’ हे टिप्पणीचिन्ह लावलेल्या रूपात असते. म्हणून नमुना टिप्पणीचिन्हासह आणि त्याविना अशा दोन्ही रूपांशी जुळणारा असावा लागतो.

या फाइलचा वाचननियम असा की, बहुतेक निर्देशांच्या बाबतीत प्रथम आढळलेले मूल्य ग्राह्य धरले जाते. यातून चार प्रकारचे धोके उद्भवतात.

पहिला धोका शेवटी ओळ जोडण्याचा आहे. आधी कोठेतरी ‘यस’ असे मूल्य दिलेली ओळ असल्यास शेवटी जोडलेल्या ‘नो’चा परिणाम होत नाही.

दुसरा धोका ‘मॅच’ या शब्दाने सुरू होणाऱ्या विभागांचा आहे. असा विभाग पुढील ‘मॅच’पर्यंत किंवा फाइलच्या शेवटापर्यंत चालतो. फाइलच्या अखेरीस असा विभाग असेल, तर शेवटी जोडलेली ओळ त्या विभागाचाच भाग बनते आणि केवळ त्यात उल्लेखिलेल्या वापरकर्त्यांना किंवा पत्त्यांना लागू होते. ‘परमिटरूटलॉगिन’ हा निर्देश मॅच विभागात वैध असल्याने सर्व्हर कोणतीही त्रुटी दाखवत नाही.

तिसरा धोका दुबार ओळींचा आहे. फाइलमध्ये हा निर्देश दोनदा असल्यास लाइनइनफाइल शेवटची ओळ बदलते, तर सर्व्हर पहिली ओळ मानतो. साधन आणि सर्व्हर दोघेही आपापल्या नियमानुसार बरोबर वागतात, तरीही प्रवेश उघडाच राहतो.

चौथा धोका समाविष्ट फायलींचा आहे. फेब्रुवारी २०२० मधील ओपनएसएसएच ८.२ या आवृत्तीपासून ‘इन्क्लूड’ या निर्देशाने इतर फायली समाविष्ट करता येतात. डेबियन आणि उबुंटू यांमध्ये हा निर्देश मुख्य फाइलच्या आरंभीच असतो. परिणामी समाविष्ट फाइलमधील मूल्य आधी वाचले जाते आणि मुख्य फाइलमधील बदल निष्प्रभ ठरतो.

या चारही प्रसंगी केवळ फाइल पाहून खात्री पटत नाही. ओपनएसएसएच सर्व्हरला मोठ्या ‘टी’ या पर्यायासह चालवल्यास सर्व फायली वाचून झाल्यावर लागू होणारी मूल्ये छापली जातात. मॅच विभागांचा परिणाम पाहण्यासाठी वापरकर्ता, पत्ता इत्यादी तपशीलही देता येतात. लहान ‘टी’ या पर्यायाने फाइलचे व्याकरण तपासले जाते. दोन्ही तपासण्यांचा हेतू भिन्न आहे: एक फाइल वैध आहे का हे सांगते, दुसरी तिचा अर्थ काय होतो हे सांगते.

अन्य फायलींचे नियम याहून वेगळे असू शकतात. कर्नलच्या मूल्यांसाठी असलेल्या ‘सिसकंट्रोल’ फायलींमध्ये नंतरचे मूल्य आधीच्यावर मात करते. ‘सुडोअर्स’ फाइलमध्येही शेवटी जुळलेला नियम लागू होतो. त्यामुळे एका फाइलसाठी योग्य ठरलेली रीत दुसरीला जशीच्या तशी लावता येत नाही.

सामान्य चुका

सैल नमुना: रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये टिंब म्हणजे कोणतेही एक अक्षर. ‘होस्ट्स’ फाइलमध्ये १०.०.०.१ हा पत्ता शोधणारा नमुना, त्याचा शेवट निश्चित केला नसल्यास, १०.०.०.१० पासून १०.०.०.१९ पर्यंतच्या पत्त्यांशीही जुळतो. टिंबापूर्वी उलटी तिरकी रेघ, ओळीच्या आरंभासाठी ‘^’ आणि मूल्यानंतर मोकळी जागा किंवा ‘$’ वापरून नमुना बांधून घेतात.

केवळ जुन्या रूपाशी जुळणारा नमुना: नमुना बदलापूर्वीच्या आणि बदलानंतरच्या अशा दोन्ही रूपांशी जुळायला हवा. अन्यथा पुढच्या खेपेस साधनाला आपणच घातलेली ओळ नमुन्याने ओळखता येत नाही.

शेवटच्या ओळीचा प्रश्न: पॉझिक्स मानकानुसार प्रत्येक ओळ नवओळ-चिन्हाने संपते. ते चिन्ह नसलेल्या फाइलला ‘>>’ने मजकूर जोडल्यास जुनी शेवटची ओळ आणि नवी ओळ एकमेकींना चिकटतात आणि दोन्ही निकामी होतात.

विंडोजमधील ओळसमाप्ती: विंडोजवर तयार झालेल्या फायलींत ओळीअखेर एक अधिकचे न दिसणारे चिन्ह असते. ‘$’ने संपणारा नमुना त्यामुळे जुळत नाही आणि ओळ डोळ्यांना दिसत असूनही साधनाला सापडत नाही.

बॅकअप प्रतींचा उपद्रव: डेबियनमधील एनजिनएक्स सर्व्हर ‘साइट्स-एनेबल्ड’ या डिरेक्टरीतील सर्व फायली वाचतो. तेथील फाइल बदलताना साधनाने त्याच ठिकाणी बॅकअप प्रत ठेवली, तर सर्व्हर ती प्रतही वाचतो आणि एकाच संकेतस्थळाची मांडणी दोनदा येते.

अपुरा बदल: काही फायली बदलल्यानंतर आणखी एक पायरी आवश्यक असते. ‘ग्रब’ या बूट लोडरच्या मूलभूत मूल्यांच्या फाइलमध्ये ओळ बदलली, तरी त्यावरून प्रत्यक्ष मांडणी पुन्हा तयार केल्याशिवाय पुढील आरंभावर परिणाम होत नाही.

सुरक्षित वापर

काही फायलींमधील चूक दुरुस्तीचा मार्गच बंद करते. एसएसएचच्या फाइलमध्ये दोष राहून सेवा पुन्हा सुरू झाली नाही, तर दूरच्या सर्व्हरवर शिरता येत नाही. ‘सुडोअर्स’मध्ये व्याकरणदोष राहिल्यास सुडो काम नाकारू शकतो. ‘एफएसटॅब’मधील चुकीच्या ओळीमुळे यंत्राचा आरंभच अडू शकतो. स्वयंचलनामुळे ही चूक एका सर्व्हरपुरती न राहता एकाच वेळी सर्वत्र पोहोचते. ती टाळण्यासाठी पुढील उपाय रूढ आहेत.

• तपासणीनंतरच स्थापना: लाइनइनफाइलमधील ‘व्हॅलिडेट’ हा पर्याय तात्पुरत्या फाइलवर दिलेली तपासणी चालवतो आणि ती उत्तीर्ण झाली तरच मूळ फाइल बदलतो. सुडोअर्ससाठी ‘व्हिसुडो’ची तपासणी, तर एसएसएचसाठी सर्व्हरची स्वतःची तपासणी वापरतात.
• कोरडी चाचणी: अ‍ॅन्सिबलमधील ‘चेक’ आणि ‘डिफ’, पपेटमधील ‘नूप’ व सॉल्टमधील ‘टेस्ट’ या पर्यायांनी प्रत्यक्ष बदल न करता काय होईल हे पाहता येते.
• टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी: बदल आधी एका सर्व्हरवर, नंतर लहान गटांवर व शेवटी सर्वांवर केला जातो.
• उघडे सत्र: एसएसएचची मांडणी बदलताना आधीचे सत्र चालू ठेवून नव्या सत्रातून प्रवेश होतो का, हे पाहतात. सेवा पुन्हा सुरू केल्याने चालू सत्रे सामान्यतः तुटत नाहीत.
• इतिहासाची नोंद: जोई हेस यांचे ‘ईटीसीकीपर’ हे साधन ईटीसी डिरेक्टरी गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रण प्रणालीत ठेवते. कोणती ओळ कधी बदलली, हे त्यावरून कळते.

मर्यादा आणि पर्याय

एकओळी बदलांत फाइलची मालकी विभागलेली राहते. उरलेली फाइल सॉफ्टवेअर संचाची किंवा दुसऱ्या प्रशासकाची असते. संच अद्ययावत होताना डेबियनमधील डीपीकेजी बदललेल्या फाइलविषयी विचारणा करते, तर आरपीएमवर आधारित प्रणालींमध्ये नवी फाइल वेगळ्या प्रत्ययाने शेजारी ठेवली जाऊ शकते. शिवाय साधनाला दिलेली ओळ पुढे घोषणेतून वगळली, तरी ती सर्व्हरवरून आपोआप नाहीशी होत नाही. ती ‘नसावी’ असे स्पष्ट सांगावे लागते. अशा बदलांची संख्या वाढत गेली की फाइलचे संपूर्ण रूप कोठेच लिहिलेले राहत नाही.

म्हणून तीन पर्याय प्रचारात आहेत. पहिला, संपूर्ण फाइल टेम्प्लेटपासून तयार करणे. यात फाइलची पूर्ण जबाबदारी साधनाकडे येते. दुसरा, मूळ फाइलला न स्पर्शता तिच्या जोडडिरेक्टरीत स्वतंत्र लहान फाइल ठेवणे. ही पद्धत सिसकंट्रोल, सुडो, सिस्टमडी आणि ओपनएसएसएच यांत उपलब्ध आहे. तिच्यातही वाचननियम पाहावे लागतात: सुडोच्या जोडडिरेक्टरीत नावात टिंब असलेली फाइल वाचलीच जात नाही, तर ओपनएसएसएचमध्ये पहिले मूल्य ग्राह्य असल्याने वर्णक्रमाने आधी येणारे नाव द्यावे लागते. तिसरा पर्याय म्हणजे चालू सर्व्हर न बदलता नव्या मांडणीची प्रतिमा तयार करून जुना सर्व्हर बदलून टाकणे. कंटेनर आणि क्लाउड सेवांमध्ये ही पद्धत सोयीची ठरते.

तरीही, ज्या मोठ्या फाइलमधील एकच मूल्य बदलायचे आहे, जोडडिरेक्टरीची सोय नाही आणि उर्वरित मजकूर निर्मात्याने दिला तसाच राहायला हवा, तेथे एकओळी बदल हाच व्यवहार्य मार्ग असतो.

हे सुद्धा पहा

• सेड
• रेग्युलर एक्सप्रेशन
• अ‍ॅन्सिबल
• ओपनएसएसएच
• आवृत्ती नियंत्रण